तारण म्हणजे गहाण नव्हे
वाचकांचे प्रश्न

विश्वासाने तारण की सत्कृत्यांनी, या एकाच विषयावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि काही पत्रे थोडक्यात दिली आहेत.

मी पतसंस्थेत सोनेतारण कर्जाचे काम पाहतो. मी ख्रिस्ती नाही. शेजारी म्हणतात, ‘प्रभूने आमचे तारण केले.’ आमच्याकडे तारण ठेवतो तो कर्जदार. मग इथे कोण काय ठेवतो? सत्कृत्ये हेच तारण का? (ऐरोली)

शब्द दिसायला एकच आहे, पण अर्थ वेगळा. तुमच्याकडचे तारण म्हणजे गहाण. शेजारी म्हणतात ते तारण ‘तारणे’पासूनचे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीतले. बुडणाऱ्याला बाहेर काढणे. बुडणारा माणूस काही गहाण ठेवत नाही, त्याच्या हातात ठेवण्यासारखे काही उरलेलेच नसते.

तुमचा प्रश्न मात्र नेमका आहे, कारण कित्येक ख्रिस्ती माणसेही मनातून सत्कृत्यांना गहाणच समजतात: मी इतके दान केले, इतके उपास केले, आता देवाने मला सोडवावे. मराठी पवित्र शास्त्रात याच्या अगदी उलटा शब्द आहे. इफिसकरांस पत्र १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हटले आहे. घराचा व्यवहार ठरला की विकत घेणारा आधी विसार देतो, म्हणजे बाकीचे देण्याची हमी. इथे विसार देणारा देव आहे आणि घेणारे आपण. हमी वरून खाली येते. सत्कृत्ये त्यानंतर येतात. ती का यावीच लागतात, ते पुढच्या उत्तरात.

माझे माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट. सासरे रोमकरांस ३:२८ काढतात: माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. आई याकोब २:२४ काढते: केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी. मुलगा दहावीत आहे, विचारतो, यातले खरे कोण? (चरई, ठाणे)

दोन्ही वचनांच्या आगेमागे अब्राहामाचा दाखला आहे. म्हणून आधी अब्राहामाच्या वयाचा हिशेब मांडा. दहावीच्या मुलाला तो आवडेल. पवित्र शास्त्रातले पहिले पुस्तक उत्पत्ती, त्याचे १२ ते २२ हे अध्याय एका बैठकीत वाचून होतात. कागदावर आकडे लिहा: हारान सोडले तेव्हा ७५ (१२:४), पहिला मुलगा इश्माएल झाला तेव्हा ८६ (१६:१६), सुंता झाली तेव्हा ९९ (१७:२४), दुसरा मुलगा इसहाक झाला तेव्हा १०० (२१:५).

अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व गणले गेले, हे वाक्य १५:६ मध्ये आहे. म्हणजे इश्माएलच्या जन्माआधी. सुंतेला अजून किमान १३ वर्षे अवकाश आहे. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाचा सगळा युक्तिवाद या १३ वर्षांवर उभा आहे (रोमकरांस ४:१०): देवाने त्याला आपले म्हटले तेव्हा त्याच्या अंगावर कोणतीही धार्मिक खूण नव्हती. याकोब मात्र २२व्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जिथे अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून इसहाकाचे अर्पण करायला निघतो. तिथे इसहाक लाकडे खांद्यावर घेऊन डोंगर चढण्याइतका मोठा झाला आहे. मधे दोन दशकांहून अधिक काळ गेला असावा. याकोबही १५:६ हेच वाक्य उद्धृत करतो (२:२३) आणि ते तेव्हा ‘पूर्ण झाले’ असे म्हणतो. एकाच माणसाच्या आयुष्याचा एक जण आरंभ पाहतो आहे आणि दुसरा पुढचा टप्पा.

आता समोर कोण बसले आहे ते बघा. पौलाच्या समोर परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, विश्वासणारे आहेत आणि त्यांना कोणी तरी सांगते आहे की सुंता केल्याशिवाय, खाण्याचे आणि सणांचे नियम पाळल्याशिवाय तुम्ही देवाचे लोक नाही. काही अभ्यासक ‘नियमशास्त्राची कर्मे’ म्हणजे एवढीच कर्मे असे मानतात. आम्हाला ते अपुरे वाटते, कारण लगेच पुढे (४:४) पौल मजुरीचा दाखला देतो: काम करणाऱ्याची मजुरी कोणी कृपा म्हणून देत नाही, ते देणेच असते. म्हणजे देवाला आपला देणेकरी करू पाहणारे कोणतेही कर्म त्याच्या डोळ्यांपुढे आहे. याकोबासमोर मात्र सभेतलाच माणूस आहे. तो सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगल्या जागी बसवतो, फाटक्या कपड्यांतल्याला उभे राहायला सांगतो (२:२-३), उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावतो आणि वर म्हणतो, माझा विश्वास आहे. त्याला याकोब सुनावतो की एवढा विश्वास भुतांचाही आहे, आणि ती थरथर कापतात.

मुलाला असे सांगून पाहा: पौलाला विचारले होते, ‘या घरात यायला काय द्यावे लागते?’ याकोबाला विचारले होते, ‘हा या घरातलाच, हे ओळखायचे कशावरून?’

मराठी वाचकाची एक जास्तीची अडचण आहे. मूळ ग्रीकमध्ये दोघेही एकच शब्द वापरतात, ‘एर्गा’. आपल्या प्रचलित भाषांतरात पौलाकडे त्याची ‘कर्मे’ झाली आणि याकोबाकडे ‘क्रिया’. त्यातून ‘कर्म’ म्हटले की आपल्या कानाला लगेच कर्मफळ, संचित, पापपुण्याची वजाबाकी ऐकू येते. पौल त्या हिशेबाबद्दल बोलत नाही. वाचताना दोन्ही ठिकाणी ‘कामे’ असा साधा शब्द घालून बघा, निम्मा गुंता तिथेच सुटतो.

सासऱ्यांसाठी एक गोष्ट: ‘केवळ विश्वासाने’ ही शब्दजोडी नव्या करारात एकदाच येते, ती याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे ती नाकारलेली आहे. रोमकरांस ३:२८ मधला ‘केवळ’ हा प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घातला. पण त्याच ल्यूथरने त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिले की विश्वास ही जिवंत, खटपटी गोष्ट आहे, सत्कृत्ये केल्याशिवाय तिला राहवतच नाही. आईसाठीही एक गोष्ट: त्रेंतच्या कॅथलिक धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी मंजूर केलेल्या नियमांतला पहिलाच नियम असा की, कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कामांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा चुकतो. ‘कॅथलिक कामांनी तारण मानतात’ आणि ‘प्रोटेस्टंटांना कामांची गरज नाही’, ही दोन्ही वाक्ये ज्याच्या त्याच्या स्वतःच्या शिकवणुकीला धरून नाहीत.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथॉडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ त्यात सामील झाला. मतभेद संपलेले नाहीत. सत्कृत्यांना ‘पुण्याई’ म्हणायचे का, नीतिमान ठरलेला माणूस त्याच वेळी पापीही असतो का, यावर अजून वाद आहे, आणि अनेक स्वतंत्र व पेंटेकोस्टल मंडळ्या या घोषणेच्या बाहेर आहेत. पण तुमच्या जेवणाच्या टेबलावर चालणारा वाद त्या दोन चर्चनी तरी बऱ्याच अंशी मिटवला आहे.

वडिलांचे जुने घर पुनर्विकासात गेले. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली तेव्हा बिल्डर किती देणार हे तिला सांगितले नव्हते. तिनेही विचारले नाही. आता मन खाते. चर्चच्या नव्या छपरासाठी मोठी देणगी द्यावी म्हणतो. चालेल का? (ठाणे)

नाही. छपराला पैसे नंतर द्या.

मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणल्यावर आठवले, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा. बहिणीला अजून माहीतच नाही, ही सवलत नव्हे. उलट तिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही.

लूक १९ मधला जक्कय तुमच्या कामाचा आहे. तो जकातदारांचा प्रमुख होता. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवून घेतले त्याला चौपट परत करतो म्हणाला. हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन वेगळ्या खात्यांचे. गरिबांना दिले ते दान. फसवलेल्याला दिले ती परतफेड. एकातून दुसरे फिटत नाही. नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते: ज्याचे घेतले त्याला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून पैसे देवाच्या पेटीत टाकले जातात. आणखी एक बघा. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ हे येशू आधी म्हणतो, जक्कयने एक नाणेही काढण्यापूर्वी. परतफेड ही त्या भेटीची किंमत नव्हती. पण ती झाल्यावरच ‘आज या घराला तारण प्राप्त झाले’ हे शब्द येतात.

आता करायचे काय? सही झाली त्या दिवशी तुम्हाला माहीत असलेला एकूण मोबदला काढा: नवे घर, रोख, भाडे, सगळे. त्यातला बहिणीचा वाटा काढा. जुन्या नियमशास्त्रात (लेवीय ६:५) मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा परत करायला सांगितले आहे. तो कायदा म्हणून आज तुमच्यावर बंधनकारक नाही, पण मधल्या वर्षांचे नुकसान मोजायला माप म्हणून चांगला आहे. मग बहिणीला एकटीला भेटा. कागद घेऊन जा आणि आकडा तिला दाखवा. ‘तुला काही हवे का?’ असे विचारू नका. आपल्याकडे भावाला असे विचारले की बहीण ‘नको’च म्हणते. ‘हे तुझे आहे, मी लपवले होते’ असे सांगा. रक्कम बँकेतून द्या. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर तिला प्राप्तिकर लागत नाही. घरातलाच हिस्सा द्यायचा असेल तर मुद्रांक शुल्क पडेल, वकिलाला विचारून घ्या. रक्कम एकदम झेपत नसेल तर हप्ते ठरवा, पण लेखी.

तुम्ही कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कारात फादरही हेच सांगतील: पश्चात्ताप आणि पापकबुली यांच्याबरोबर, जे परत करता येण्यासारखे आहे ते परत करण्याची तयारी हवी. कबुलीत सांगितलेले बाहेर जाणार नाही. पण बहिणीला सांगायचे काम फादर तुमच्यासाठी करू शकत नाहीत.

आमचा युवक गट उपवासकाळात चाळीस कुटुंबांना रेशन देतो. फोटो ग्रुपवर टाकतो, कारण देणगीदार विचारतात. एका ज्येष्ठांनी मत्तय ६:३ दाखवले: डाव्या हाताला कळू नये. मग हिशेब कसा द्यायचा? (कोपरखैरणे)

बिलाचा फोटो टाका, गोण्यांचा टाका, गाडीचा टाका. घेणाऱ्याचा चेहरा आणि दार टाकू नका. कुटुंबांना क्रमांक द्या, नावांची वही दोघांकडेच ठेवा. देणगीदाराला क्रमांक, सामान आणि रक्कम कळली की पुरे. येशूने हिशेब ठेवू नका असे म्हटलेले नाही, कर्णा वाजवू नका असे म्हटले आहे.

चाळीस कुटुंबांना एकदा देण्यापेक्षा सहा-सात कुटुंबांना सहा महिने द्या, असे आमचे ठाम मत आहे. चौघांच्या घराला महिन्याला साधारण १० किलो तांदूळ, १० किलो कणीक, २ किलो तूरडाळ, २ लिटर तेल, २ किलो साखर, अर्धा किलो चहा, मीठ-मसाला लागतो. वाशीच्या बाजार समितीतून गोणीने घेतले तर किरकोळीपेक्षा स्वस्त पडते. पण आधी घरी जाऊन विचारा. ज्याला रेशनवर तांदूळ मिळतोच त्याला सगळे पुन्हा तांदूळच देतात. सिलिंडर संपलेला असतो, खोलीभाडे थकलेले असते, मधुमेहाच्या गोळ्या अर्ध्या महिन्यात संपलेल्या असतात, तिकडे कोणी बघत नाही. जाताना दोघांनी जावे, दर वेळी तेच दोघे. पॅरिसमध्ये १८३३ साली सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सदस्य आजही जोडीनेच घरी भेट देतात. जोडीने गेले की कोणी एकटा दाता होऊन बसत नाही, आणि तेच चेहरे पुन्हा आले की घरातली बाई तिसऱ्या भेटीत खरी अडचण सांगते.

मत्तय २५ मध्ये भुकेल्याला जेवू घालणारे न्यायाच्या दिवशी विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले?’ त्यांनी मोजलेच नव्हते. तुमची वही देणगीदारांसाठी ठेवा. देवाला दाखवायला वेगळी वही नको.

शेजारच्या आजी हिंदू आहेत. अर्ध्या इमारतीची आजारपणे त्यांनी काढली. त्यांचे काय? (नेरूळ)

प्रेषितांची कृत्ये १० मध्ये कर्नेल्य या रोमी शताधिपतीची प्रार्थना आणि दानधर्म देवापर्यंत पोहोचले, असे देवदूत सांगतो. तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पुढे त्याच्याकडे पेत्र पाठवला गेला, हेही तिथेच आहे. कॅथलिक चर्चने १९६४च्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेच्या दस्तऐवजात म्हटले की स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमान न कळलेले, पण मनापासून देवाला शोधणारे आणि कृपेने सद्सद्विवेकाप्रमाणे चालणारे तारणापासून वंचित राहतात असे नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या हे असे मानत नाहीत. न्यायासनावर आपण बसलेलो नाही, एवढे दोन्हीकडे मान्य आहे. आजींना या आठवड्यात कोणी भाजी आणून दिली का, ते विचारा.

नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. म्हणतो, माझे तारण झाले, आता ते कोणी हिरावू शकत नाही. घरी हात उचलतो. प्रार्थना कर, सहन कर, असे मला सांगतात. (उलवे)

सहन करू नका. पहिल्या योहानाच्या पत्रात (४:२०) सरळ लिहिले आहे: मी देवावर प्रीती करतो असे म्हणून जो आपल्या बंधूचा द्वेष करतो तो लबाड आहे. बायको त्या शब्दाच्या बाहेर नाही. कृपेने तारण होते, म्हणून मार चालतो, असे कोणत्याही चर्चची शिकवण सांगत नाही. पौलाने हा प्रश्न स्वतःच घेतला (रोमकरांस ६:१) आणि ‘कदापि नाही’ असे उत्तर दिले. तुमच्या नवऱ्याला याकोबाचे पत्र हवे, आणि लोक पौलाचे नाव घेऊन तुम्हाला गप्प बसवत आहेत.

मारहाण होत असेल त्या क्षणी ११२, मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१. जखम असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा आणि कशामुळे झाली ते केसपेपरवर लिहून घ्या. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली (२००५) संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि त्याच घरात राहण्याचा आदेशही मागता येतो. क्षमा करणे आणि माराच्या आवाक्यात राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पाळकांना सांगायचे असेल तर नवऱ्यासमोर सांगू नका, आधी एकट्याने किंवा विश्वासू बाईला बरोबर घेऊन सांगा.

वडील अंथरुणाला खिळले आहेत, घरीच ऑक्सिजन लावला आहे. सारखे म्हणतात, ‘माझ्या हातून काहीच चांगले झाले नाही, मी कोणत्या तोंडाने जाऊ?’ आम्ही त्यांना त्यांची चांगली कामे आठवून देतो, तरी रडतात. (कळवा)

ती यादी आता थांबवा. प्रेमाने देत आहात, पण प्रत्येक नावापुढे त्यांना आपली एकेक चूक आठवत असणार. हिशेबाची वही पुढे ठेवली की ते दोन्ही बाजू वाचणारच. या अवस्थेतल्या माणसाला याकोब नको, पौल हवा.

लूक २३:३९-४३ वाचा, फक्त पाच वचने. येशूबरोबर वधस्तंभावर असलेल्या त्या गुन्हेगाराचे हातपाय खिळलेले आहेत. तो भरपाई करू शकत नाही, कोणाला भेटू शकत नाही, बाप्तिस्मा घेऊ शकत नाही. ‘माझी आठवण कर’ एवढे म्हणतो. त्याला ‘आज’ असे उत्तर मिळते. तरीही जे त्याला शक्य होते ते त्याने केले: शेजारच्याला गप्प केले, स्वतःचा अपराध मान्य केला. वडिलांनाही काही तरी करावेसे वाटत असेल तर तेवढेच द्या. कोणाची क्षमा मागायची आहे का, ते विचारा, फोन लावून त्यांच्या कानाला धरा.

कॅथलिक असाल तर फादरना आत्ताच बोलवा, शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. आजाऱ्यांचा तैलाभिषेक फक्त मरणासन्नांसाठी नसतो, गंभीर आजारी कोणालाही मिळतो, आणि वडील शुद्धीत असले तर त्यांना पापकबुलीही देता येते. गंमत म्हणजे या संस्काराचा आधार याकोबाच्याच पत्रात आहे (५:१४). कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, म्हणून आधी ओल्या फडक्याने दोन्ही पुसून ठेवा. आजाऱ्याला ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) घेण्याआधीच्या तासाभराच्या उपासाचे बंधन नाही. गिळता येत नसेल तर तसे आधी सांगा, अगदी छोटा तुकडा चमचाभर पाण्याबरोबर देतात. प्रोटेस्टंट असाल तर पाळक घरी येऊन प्रभुभोजन देतील.

उशाशी मेणबत्ती लावायचा आग्रह कोणी धरेल. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत ज्योत लावायची नाही. विझवलेलीच ठेवा.

वाचणाऱ्याने कानाजवळ, नेहमीपेक्षा हळू वाचावे आणि त्यांच्या ओळखीच्या जुन्या भाषांतरातून वाचावे. लहानपणी पाठ केलेले शब्द लवकर पोहोचतात. स्तोत्र २३ सहाच वचनांचे आहे, बरोबर म्हणायला लागले तर म्हणू द्या. दहा मिनिटे पुरेत. वाचून झाल्यावर लगेच उठू नका, हात हातात ठेवून बसा.